मदत हवी आहे: ‘प्रचंड प्रत्युत्तरा’चा धाक खरा वाटतो का?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. प्रबंधात एका मुद्द्यावर अडले आहे.

४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेलं आपलं धोरण सांगतं की भारत अण्वस्त्र आधी वापरणार नाही. पण आपल्या भूमीवर किंवा कुठेही असलेल्या आपल्या सैन्यावर वापरलं, तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. २०११ मध्ये पाकिस्तानने ‘नस्र’ या अण्वस्त्र वाहू शकणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली, पल्ला जेमतेम ६० किलोमीटर. समजा, त्यांच्या हद्दीत शिरलेल्या आपल्या रणगाड्यांवर त्यांनी असं छोटं अस्त्र टाकलं. बदल्यात आपण त्यांची शहरं बेचिराख करू, हे त्यांना खरं वाटेल? नाही वाटलं तर धाक उरला कुठे? समुद्रात लपून अण्वस्त्रं वाहणाऱ्या आपल्या अरिहंत पाणबुडीमुळे पहिला घाव सोसूनही उलट वार करता येतो, हे पटतं. पण ताकद वेगळी आणि निर्धार वेगळा.

घरातले दोघं मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यामुळे ‘शिरलेलं सैन्य’ लिहिताना हात थबकतो.

यावर मराठीत काही वाचण्यासारखं आहे का? बेळगाव-निपाणीकडचे कुणी निवृत्त अधिकारी तासभर बोलतील का? मी येऊन भेटेन.