जखमी रोह्याच्या मागावर साखळीतला कुत्रा नेता येतो का?

केळीबाग, चोपडा:
नमस्कार. परवा पहाटे बांधावरच्या तारेत अडकून जखमी झालेला एक रोही (नीलगाय) आमच्या केळीच्या बागेत शिरला. ठिबकच्या नळीवर आणि सोपटांवर गुडघ्याइतक्या उंचीला रक्ताचे ठिपके होते; पुढे माग तुटला. शेजारच्या काकांनी आपला कुत्रा साखळीला बांधून शोध घेऊ या, असे सुचवले. मी त्यांना थांबवून वनखात्याला कळवले, परंतु माणसे येऊन शोध घेईपर्यंत रोही नाल्यात मरून पडला होता. परदेशात अशा कामासाठी कुत्रे वापरतात, असे वाचले आहे. आपल्याकडे नियम काय आहे? काकांचे ऐकायला हवे होते का? तेव्हापासून मन लागत नाही.

वकील, जळगाव:
भाऊ, तुम्ही योग्य तेच केले. नॉर्वेत हरणाच्या शिकारीला निघताना माग काढणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्याची सोय असणे बंधनकारक आहे, तर न्यूयॉर्क राज्यात त्यासाठी वेगळा परवाना लागतो. मात्र तिथे शिकारच कायदेशीर आहे आणि गोळी लागलेले जनावर तडफडत राहू नये, हा त्या नियमांचा हेतू आहे. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पकडणे, पाठलाग करणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हे सारे येते. रोही त्या कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. काकांचा हेतू चांगला होता हे मला पटते, पण कुत्रा घेऊन जखमी रोह्यामागे फिरणारी माणसे पाहणाऱ्याला तो हेतू दिसला नसता. शिवाय असे जनावर ताब्यात आले, तर 48 तासांच्या आत वनाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवावे लागते.

पशुवैद्य, धुळे:
कायदा बाजूला ठेवला तरी मी कुत्रा नेऊ दिला नसता. जखमी रोही आडोशाला बसला, तर रक्त थिजण्याची शक्यता असते. कुत्र्याचा वास येताच तो उठून पळतो आणि जखम पुन्हा वाहू लागते. हरणवर्गीय जनावरांत अतिभीती आणि धावपळ यांमुळे स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडात अडकते, आणि बाहेरून बरे दिसणारे जनावरही काही तासांनी किंवा दिवसांनी मरते. परदेशातले ते कुत्रे न भुंकता, लांब दोरीवर, तासन्तास जुन्या मागावर चालायला शिकवलेले असतात. शेतराखणीच्या कुत्र्याकडून ते होणार नाही.

केळीबाग, चोपडा:
दोघांचेही मनापासून आभार. पुन्हा असे घडले तर काय करावे?

पशुवैद्य, धुळे:
1926 या वनखात्याच्या क्रमांकावर लगेच फोन करा. शेवटचा ठिपका जिथे दिसला, तिथे खोडाला फडके बांधा, म्हणजे येणाऱ्यांना माग तिथूनच धरता येईल. वाडीतले सगळे कुत्रे बांधून ठेवा आणि मजुरांना त्या ओळींत जाऊ देऊ नका. ती बांधावरची तारही या आठवड्यातच काढून टाका.