युरोपीय संसदेतल्या ‘ग्रुप’ला ‘गट’ म्हणावं का?

अर्धविराम:
युरोपीय संसदेतल्या मध्यम-डाव्या मंडळींचे सध्याचे अग्रक्रम सांगणारा मजकूर एका मासिकासाठी मराठीत आणतो आहे. घरं, वेतन, हवामान, संरक्षण, आश्रय असं सगळं त्यात आहे. अडलंय ते मात्र नावापाशीच. ‘प्रोग्रेसिव्ह अलायन्स ऑफ सोशालिस्ट्स अँड डेमोक्रॅट्स’ हा तिथला दुसऱ्या क्रमांकाचा ग्रुप. २०२४च्या निवडणुकीनंतर ७२० पैकी १३६ जागा त्यांच्याकडे आल्या. ‘समाजवादी आणि लोकशाहीवादी गट’ असं लिहिलं, तर संपादकांचा समासात शेरा: ‘कुठल्या पक्षातून फुटला?’ पर्याय सुचवा. ‘संसदीय पक्ष’ चालेल का?

कोशकार्टं:
शेरा रास्त आहे. जून २०२२च्या शिवसेनेतल्या फुटीनंतर मराठी वाचकाला ‘गट’ म्हटलं की पुढे ‘खरा कोण’ हा प्रश्न आपोआप ऐकू येतो. पण ‘संसदीय पक्ष’ त्याहून चुकीचा. आपल्याकडे संसदीय किंवा विधिमंडळ पक्षाच्या मागे एकच मूळ राजकीय पक्ष असतो. प्रतोद कुणी नेमायचा यावर ११ मे २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला जे सांगावं लागलं, ते याच भेदाबद्दल होतं. युरोपात एका ग्रुपमागे डझनावारी राष्ट्रीय पक्ष असतात. या ग्रुपमध्ये इटलीच्या पार्तितो देमोक्रातिकोचे (डेमोक्रॅटिक पक्ष) २१, स्पेनच्या समाजवाद्यांचे २०, जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचे (एसपीडी) १४ निवडून आले. वर ‘पार्टी ऑफ युरोपियन सोशालिस्ट्स’ नावाचा युरोपीय पातळीवरचा पक्ष वेगळाच. राष्ट्रीय पक्ष, युरोपीय पक्ष आणि ग्रुप अशा तीन पायऱ्या झाल्या. तिन्हींना ‘पक्ष’ म्हणाल तर तिसऱ्या परिच्छेदात वाचक पान उलटेल.

पाणपोई:
‘गट’ला उगाच बदनाम करू नका. महापालिकेचा निकाल लागला की नगरसेवक विभागीय आयुक्तांकडे काय नोंदवतात? गटच. अपक्ष आणि छोटे पक्षही एकत्र येऊन गट नोंदवतात, गटनेता निवडतात. स्थायी समितीवर कुणाचे किती, स्वीकृत किती, हे गटाच्या तौलनिक संख्याबळावर ठरतं. युरोपीय संसदेत अगदी हेच होतं. किमान २३ सदस्य हवेत आणि ते किमान एकचतुर्थांश देशांमधले, म्हणजे २७ पैकी ७. मग समित्यांमधल्या जागा, बोलायची वेळ, कर्मचारी, निधी मिळतो. समित्यांची अध्यक्षपदं द’ओंत पद्धतीने, म्हणजे संख्याबळाच्या प्रमाणात, वाटली जातात. इतका तंतोतंत जुळणारा शब्द घरात असताना बाहेर कशाला शोधायचा?

रिकामटेकडा:
अवांतर: जिल्हा परिषदेत ‘गट’ म्हणजे मतदारसंघ, पंचायत समितीत तोच ‘गण’. तालुक्याला गटविकास अधिकारी, सातबाऱ्यावर गट नंबर, दर महिन्याला बचत गट. बिचाऱ्या एका शब्दाने किती ओझी वाहायची!

हळक्षज्ञ:
म्हणूनच तो पारिभाषिक म्हणून टाकाऊ. पारिभाषिक शब्द एकार्थी हवा. ‘दल’ घ्या. संसदीय दल.

कोशकार्टं:
‘संसदीय दल’ हिंदी. आणि मराठीत ‘समाजवादी’च्या शेजारी ‘दल’ ठेवलंत तर डोळ्यांसमोर राष्ट्र सेवा दलाचं शिबिर येईल, स्ट्रासबर्गची युरोपीय संसद नाही. ‘आघाडी’सुद्धा नको. आपली आघाडी बहुतेकदा निवडणुकीच्या जागावाटपासाठी होते, यांचे पक्ष निवडणूक आपापल्या देशात लढतात आणि नंतर एकत्र बसतात.

हळक्षज्ञ:
शब्द हिंदीत आहे म्हणून तो मराठी नव्हे, हे तर्कशास्त्र कुठलं? ‘दल’ संस्कृत आहे, दोघांचाही. ‘गट’ची व्युत्पत्ती कोण सांगतो? माझ्या मते ‘ग्रंथि’वरून. ग्रंथि, गाठ, गठ्ठा, गट.

पाणपोई:
गाठीपर्यंत सहमत. तिथून गटापर्यंतची उडी मात्र तुमची एकट्याची.

उंबरठा:
गटावर भांडण चालू द्या, पण मूळ मसुद्यात मोठी चूक दुसरीकडे आहे, ‘लोकशाहीवादी’मध्ये. तो शब्द विचारसरणी म्हणून आलेला नाही. २००९ पर्यंत ग्रुपच्या नावात फक्त समाजवादी होते. त्या वर्षी इटलीचा पार्तितो देमोक्रातिको आत आला. त्यात जुने कम्युनिस्ट होते तसे जुने ख्रिस्ती लोकशाहीवादीही होते, त्यामुळे ‘समाजवादी’ ही पाटी त्यांना गळ्यात नको होती. ते तेव्हा पार्टी ऑफ युरोपियन सोशालिस्ट्सचे सदस्यही नव्हते, २०१४ मध्ये झाले. त्यांच्यासाठी नावात ‘अँड डेमोक्रॅट्स’ जोडलं. मराठीत ‘लोकशाहीवादी गट’ लिहिलं की उरलेले सगळे हुकूमशाहीवादी ठरतात. म्हणून ‘सोशालिस्ट्स अँड डेमोक्रॅट्स’ हे विशेषनाम समजून तसंच ठेवा आणि पुढे ‘हा मध्यम-डावा गट’ असं एकदा सांगा.

हळक्षज्ञ:
म्हणजे रोमनऐवजी देवनागरीत इंग्रजी. याला भाषांतर म्हणायचं का?

उंबरठा:
नावाचं भाषांतर करायचं नसतं. आणखी एक: कुठल्याच ग्रुपमध्ये नसलेल्यांना ‘अपक्ष’ लिहू नका. स्लोव्हाकियाच्या ‘स्मेर’चे सदस्य पक्षाच्या यादीतून निवडून आलेत, त्यांचा नेता रॉबर्ट फिट्सो पंतप्रधान आहे. फक्त ग्रुप नाही, कारण युरोपीय समाजवाद्यांनी त्या पक्षाला २०२३ मध्ये निलंबित केलं आणि २०२५ मध्ये काढून टाकलं. त्यांना ‘असंलग्न’ म्हणा.

अर्धविराम:
‘असंलग्न’ घेतो, आभार. गटाचा निकाल लागेपर्यंत पुढची ओळही टाकतो: ‘किमान वेतनविषयक निर्देश संमत करून घेणे हे या गटाचे मोठे यश मानले जाते.’ यात काही खटकतं का?

कोशकार्टं:
‘निर्देश’ खटकतो. मराठी बातमीत निर्देश देतात ते मुख्यमंत्री नाहीतर खंडपीठ. शिवाय ‘निर्देश करणे’ म्हणजे उल्लेख करणे, ‘निर्देशांक’ म्हणजे शेअर बाजार. डायरेक्टिव्हला अधिकृत शब्द ‘निदेश’ आहे, बिनरफाराचा. संविधानाच्या मराठी प्रतीत ‘राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे’ आहे.

उंबरठा:
आणि तिथेच घोटाळा. आपली निदेशक तत्त्वं न्यायालयातून अंमलात आणता येत नाहीत, अनुच्छेद ३७ तसं स्पष्ट म्हणतो. युरोपचा डायरेक्टिव्ह याच्या उलट. युरोपीय संघाच्या कामकाजाविषयीच्या तहाच्या कलम २८८ नुसार साध्य काय करायचं ते बंधनकारक असतं, कसं करायचं ते देशावर सोडलेलं. रेग्युलेशन मात्र ठरल्या तारखेपासून सगळीकडे थेट लागू होतं, मधे राष्ट्रीय कायदा लागत नाही. आश्रय आणि स्थलांतराच्या नव्या चौकटीतले बहुतेक कायदे असे रेग्युलेशन आहेत, लागू होण्याची तारीख १२ जून २०२६. रेग्युलेशनला ‘विनियम’ ठीक. ‘निदेश’ वापरलात तर पहिल्या उल्लेखालाच ‘देशांवर बंधनकारक’ हे दोन शब्द जोडा, नाहीतर वाचक त्याला सदिच्छा समजेल.

पाणपोई:
जीआरला ‘अध्यादेश’ म्हणणाऱ्या वर्तमानपत्रांच्या राज्यात निदेश आणि निर्देश यांतला रफार कोण बघणार? सरळ ‘चौकट-कायदा’ म्हणा.

उंबरठा:
‘चौकट-कायदा’ वाचकाला कळेल, पण ‘फ्रेमवर्क’ नावाची वेगळी चीज तिथे आहे, मग तिला काय म्हणणार? क्रम लक्षात घ्या. युरोपीय आयोग, म्हणजे संघाचं कार्यकारी मंडळ, प्रस्ताव मांडतो, संसदेत प्रतिवेदक, म्हणजे मसुदा सांभाळणारे सदस्य, नेमले जातात (वेतनाच्या वेळी दोन होते, उजव्या-मध्यम ग्रुपचे डेनिस राड्टके आणि या ग्रुपच्या आग्नेस योंखेरियस), मग संसद, सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद आणि आयोग यांच्या त्रिपक्षीय वाटाघाटी, मग मंजुरी. हा निदेश ऑक्टोबर २०२२चा. देशांना राष्ट्रीय कायद्यात उतरवायला १५ नोव्हेंबर २०२४ पर्यंत मुदत होती. मुदत चुकली तर आयोगाची नोटीस, मग तर्कसहित मत, मग युरोपीय न्यायालय आणि दंड.

हळक्षज्ञ:
‘उतरवणे’? ट्रान्सपोझिशनला ‘आंतरण’ असा सुटसुटीत शब्द करता येतो.

रिकामटेकडा:
आंतरण म्हणजे सासूबाईंच्या खोलीतलं अंथरूण वाटतंय.

कोशकार्टं:
‘उतरवणे’ला माझंही मत. शब्दापेक्षा आशय सांभाळा. ‘युरोपात किमान वेतन सक्तीचे’ असा मथळा आला तर तो चूक. ज्या देशात कायद्याने ठरवलेलं किमान वेतन नाही (डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रिया, इटली) त्यांच्यावर ते आणायची सक्ती नाही. आकडाही ठरवून दिलेला नाही. पुरेसं आहे का हे जोखायला एकूण वेतनाच्या मध्यकाच्या ६० टक्के, सरासरीच्या ५० टक्के अशी मापं सुचवली आहेत. इथे मध्यक आणि सरासरी यांची अदलाबदल हमखास होते. मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या कामगाराचं वेतन. वरच्या मोजक्या गलेलठ्ठ पगारांनी तो हलत नाही, सरासरी हलते, म्हणून टक्के वेगळे. आणि कामगार संघटनांच्या करारांखाली ८० टक्क्यांहून कमी कामगार येत असतील तर त्या देशाने कृती आराखडा करायचा.

पाणपोई:
‘कलेक्टिव्ह बार्गेनिंग’ला ‘सामूहिक सौदेबाजी’ लिहू नका म्हणजे मिळवली. सौदेबाजी म्हणजे आमदार हॉटेलात नेणं. ‘सामूहिक वाटाघाटी’, आणि त्यातून निघतो तो ‘वेतन करार’.

उंबरठा:
डेन्मार्क याच निदेशाविरुद्ध न्यायालयात गेला, हेही मजकुरात हवं. सरकार तेव्हा सोशल डेमोक्रॅट पंतप्रधानाचं, तरी विरोध; कारण तिथे वेतन संघटना आणि मालक ठरवतात, सरकार नाही. ११ नोव्हेंबर २०२५ला न्यायालयाने दोन तरतुदी रद्द केल्या आणि बाकीचा निदेश कायम ठेवला. एकाच ग्रुपमध्ये दक्षिणेचं ‘यश’ आणि उत्तरेचा ‘हस्तक्षेप’ शेजारी बसतात. आपल्यासारखा पक्षांतरबंदीचा बडगा तिथे नाही, सदस्य नियमानुसार स्वतंत्रपणे मत देतो. त्यामुळे ‘गटाने मत दिले’ हे वाक्यही जपून.

अर्धविराम:
हे मला माहीत नव्हतं. वाक्य बदलतो. संरक्षणाच्या भागात ‘रीआर्म युरोप’ आहे. ‘पुनःशस्त्रीकरण’?

कोशकार्टं:
तो शब्द तिथेच भांडणाचा झाला होता. मार्च २०२५ मध्ये आयोगाने संरक्षणखर्च वाढवायची योजना मांडली ती ‘रीआर्म’ नावाने. स्पेनचे समाजवादी पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी नाव आवडलं नसल्याचं उघड सांगितलं, इटलीच्या उजव्या पंतप्रधान मेलोनींनीही. मग ‘रेडिनेस २०३०’ पुढे आलं. तुम्ही सगळीकडे ‘सज्जता’ लिहिलंत तर हा वादच पुसला जाईल. आधी ‘पुनःशस्त्रीकरण’, मग ‘सज्जता’, दोन्ही ठेवा. आकडा ८०० अब्ज युरो, म्हणजे ८० हजार कोटी. ८ लाख कोटी लिहू नका, एक शून्य वाढतं. त्यातले १५० अब्ज कर्जाऊ, बाकीचे देशांना अर्थसंकल्पी तुटीच्या नियमांतून सवलत देऊन उभे राहतील असा हिशेब. तिजोरीत ८०० अब्ज पडून आहेत असा अर्थ निघता कामा नये.

पाणपोई:
‘अफोर्डेबल हाउसिंग’ला काय केलंत? ‘परवडणारी घरे’ असेल तर वाचक म्हाडाच्या सोडतीचा अर्ज शोधेल. आपलं परवडणारं घर विकत घ्यायचं असतं. तिकडचा वाद बहुतांशी भाड्याचा. व्हिएन्ना महापालिकेकडे सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत आणि ती भाड्यानेच देतात. ‘परवडणाऱ्या भाड्याची घरं’ म्हणा. ‘युरोपीय गृहनिर्माण मंत्री’ही नको. डॅन यॉर्गेनसेन हे युरोपीय आयोगातले ऊर्जा आणि गृहनिर्माणाचे आयुक्त, मंत्री नव्हेत.

रिकामटेकडा:
आयुक्त म्हटलं की अतिक्रमण हटाव पथक दिसतं त्याचं काय?

पाणपोई:
त्याला इलाज नाही.

हळक्षज्ञ:
हवामानाच्या भागात ‘जस्ट ट्रान्झिशन’ असणारच. ‘न्याय्य संक्रमण’ हा शब्द निर्दोष आहे, त्यात तरी खोडा घालू नका. सूर्याचं मकरेत संक्रमण होतं, तसं कोळशाकडून दुसरीकडे.

कोशकार्टं:
करोनानंतर ‘संक्रमण’ म्हणजे लागण. हिंदीची कृपा. ‘न्याय्य संक्रमण निधी’ वाचून लोक मुखपट्टी लावतील.

हळक्षज्ञ:
लागणीला मराठीत ‘संसर्ग’ आहे. चुकीचं लिहिणाऱ्यांसाठी बरोबर शब्द सोडायचा का? असं करत गेलो तर उद्या ‘गट’ही सोडा.

पाणपोई:
तुम्हीच मघाशी तो टाकाऊ ठरवलात.

उंबरठा:
‘स्थित्यंतर’ घ्या. निधीचं नाव देताना रक्कमही नीट: २०१८च्या किमतींनुसार १७.५ अब्ज युरो. चालू किमतींचा आकडा मोठा येतो, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी छापलेले सापडतात आणि भाषांतरकाराची चूक समजली जाते. आश्रयाच्या भागातही ‘सॉलिडॅरिटी’ला ‘एकजूट’ लिहू नका, ती मोर्च्यातली. इथे अर्थ हिशेबी आहे. ज्या देशांवर भार पडतो त्यांच्याकडची माणसं घ्या, नाहीतर माणशी २० हजार युरो द्या, नाहीतर मनुष्यबळ आणि साधनं पुरवा.

रिकामटेकडा:
मग ती वर्गणीच की.

उंबरठा:
हसू नका, ‘वाटा उचलणे’पेक्षा ‘वर्गणी’ जास्त जवळचा आहे. फक्त गणपतीत हा पर्याय नसतो की पैसे नको तर माणसं पाठवतो.

पाणपोई:
असतो. मांडव घालायला.

अर्धविराम:
मंडळी, मजकूर उद्या द्यायचा आहे. निदेश, स्थित्यंतर, असंलग्न, परवडणारं भाडं हे घेतलं. ‘ग्रुप’चं काय? गट, दल की तसाच ‘ग्रुप’?

कोशकार्टं:
पहिल्यांदा ‘संसदीय गट’, पुढे नुसता ‘गट’. फुटलेला नाही हे पहिल्या परिच्छेदातच कळेल असं लिहा.

पाणपोई:
नुसता ‘गट’, पहिल्यापासून. विशेषण लावलंत की संशय वाढतो.

हळक्षज्ञ:
उसनाच घ्यायचा असेल तर निदान ‘ग्रूप’ लिहा, पकाराआधीचा उकार दीर्घ. अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ असतो, या धाग्यात प्रत्येकाने ऱ्हस्व लिहिला आहे. शीर्षकात सुद्धा.

रिकामटेकडा:
शीर्षकात ‘ग्रुपला’ आहे. प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो ना? मूल, मुलाला.

हळक्षज्ञ:
सामान्यरूप झालं तर. ‘ग्रुपाला’ म्हणता का तुम्ही?