तीन मंडळ्या आणि एक पाळक: २०२७ च्या लेंट व पवित्र सप्ताहातील उपासनांची आखणी

उपासना समितीचे चिटणीस, नगर जिल्हा

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या पाळकसाहेबांकडे तीन गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या असून साठ घरांची आमची मंडळी त्यांत सर्वांत मोठी आहे. २०२७ मध्ये लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, पवित्र सप्ताहाचा पहिला दिवस म्हणजे झावळ्यांचा रविवार २१ मार्चला, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) २६ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला येत आहे. या उपासनांची पत्रिका नाताळापूर्वी छापायची असल्यामुळे आताच विचारतो. पवित्र सप्ताहातील गुरुवारचे प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी) दीक्षित पाळकाशिवाय होत नाही आणि तिन्ही गावांना ते सायंकाळीच हवे आहे. शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत दुसऱ्या तासानंतर निम्मे बाक रिकामे होतात. त्यातच दहावी-बारावीच्या परीक्षा असल्याने गायनवृंदही अपुरा पडतो. आपल्याकडे काय करतात?

एक निवृत्त पाळक

आखणी ईस्टरपासून मागे करीत यावे. राखेच्या बुधवारापासून पुढे निघाल्यास सगळा उत्साह पहिल्या पंधरवड्यातच संपतो, हा माझा अनुभव आहे. गुरुवारी तिन्ही मंडळ्यांची एकच संयुक्त उपासना ठेवावी. त्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा आपापल्या मंदिराचा आग्रह त्याच रात्री धरणे मला तरी विसंगत वाटते.

शुक्रवारविषयी थोडे सविस्तर लिहितो. ही उपासना येशूच्या वधस्तंभावरील ज्या सात उद्गारांवर होते, ते एका शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात) सलग येत नाहीत. लूक आणि योहान यांच्यात प्रत्येकी तीन आहेत, आणि ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हा उद्गार मत्तय व मार्क यांनी नोंदवला आहे. प्रत्येक उद्गारामागे परिस्थिती वेगळी असल्यामुळे सातही प्रवचने एकाच्या तोंडून आली की ती एकसारखी होतात. ‘मला तहान लागली आहे’ हा उद्गार दुष्काळी गावातील शेतकऱ्याला द्या. ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा’ हा एखाद्या आईला द्या. प्रत्येकाला बारा मिनिटे, त्यानंतर वाचन, गीत आणि पूर्ण शांतता. ही शांतता पत्रिकेत छापावी, नाहीतर सूत्रसंचालक ती सूचनांनी भरून काढतो. पाळकसाहेबांनी प्रत्येक गावी एकेक उद्गार घेतला तरी पुरे. उरलेले सहा मंडळीचेच लोक सांगतील.

गायनवृंदप्रमुख, पुणे

वरील सूचनेला माझी पुस्ती. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहातील पाचच गीते निवडून ती लेंटच्या सहाही रविवारी आलटून पालटून गावीत, म्हणजे परीक्षेमुळे मुले नसली तरी सगळी मंडळीच गायनवृंद होते. नारायण वामन टिळकांनी आपल्या उपासनेला भजन-कीर्तनाचे वळण दिले ते याच कामी येते. टाळ आणि पेटी असली की कीबोर्ड वाजवणारा मुलगा पेपरला गेला तरी अडत नाही. ‘हालेलूया’ हा आनंदाचा जयघोष असलेली गीते मात्र ईस्टरच्या पहाटेसाठी राखून ठेवावीत.

महिला मंडळाच्या सदस्या, संगमनेर

संयुक्त उपासनेची कल्पना चांगली आहे, परंतु अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना टेम्पोत बसवून नेता येत नाही. त्यांच्या घरी पाळकसाहेबांनी सोमवार ते बुधवार प्रभुभोजन न्यावे आणि त्या भेटी पत्रिकेत नोंदवाव्यात. नोंद नसली की त्या राहून जातात. उत्तम शुक्रवारापूर्वी लेंटचे सहा शुक्रवार मिळतात. आम्ही ते घरोघरच्या प्रार्थनांसाठी वापरतो आणि ज्या घरी परीक्षा आहे ते घर शेवटी घेतो. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी असल्याने त्या दिवशी सकाळी कबरस्तानाची साफसफाई उरकून घ्या, कारण ईस्टरची पहाटेची उपासना तिथेच होत असेल तर ऐन सप्ताहात गवत काढायला कोणी येत नाही.

उपासना समितीचे चिटणीस, नगर जिल्हा

आपणा सर्वांचा आभारी आहे. गुरुवारची उपासना संयुक्त ठेवण्याचे व वृद्धांच्या भेटी आधी उरकण्याचे मी कमिटीपुढे मांडणार आहे. ‘मला तहान लागली आहे’ या उद्गारासाठी माझ्या मनात एक नाव आले आहे. ते गृहस्थ मंडळीत कधी उभे राहून बोललेले नाहीत, म्हणून त्यांना आतापासूनच विचारावे लागेल.