द्राक्षबागेतल्या खुरट्या गवतावर गाय बांधावी का?

तासगावचा बागायतदार
खरड छाटणी (द्राक्षाची उन्हाळ्यातली छाटणी) उरकली की आमच्याकडं बरेच जण दोन ओळींमधल्या पट्ट्यात, नाहीतर बांधावर, गाय खुंट्याला बांधतात. मीही बांधायचो. परवा ताजं शेण बादलीभर पाण्यात कालवलं, निवळू दिलं, वरचं पाणी दोन-तीनदा ओतून दिलं. तळाला मूठभर खर, म्हणजे वाळूमाती, उरली, बोटांत धरली तर करकरली. गेल्या श्रावणात, गवत गुडघ्याएवढं असताना हेच केलं होतं, तेव्हा चिमूटभरही निघाली नव्हती.

गाय जिभेनं गवत वेढून ओढते. उंच असेल तर पात तुटते, बोटभर उरलं असेल तर मुळासकट माती येते. चरणाऱ्या गाईच्या कोरड्या खाण्यात १ पासून जवळपास १८ टक्क्यांपर्यंत माती आढळलेली आहे. दिवसाला १० किलो कोरडं खाणारी गाय धरा. ५ टक्के म्हटलं तरी रोज अर्धा किलो माती. आणि बागेत आपण बुरशीसाठी वर्षानुवर्षं मोरचूद, म्हणजे तांब्याचंच औषध, मारतोय. तांबं कुजत नाही, वरच्या थरातच साठतं. बागेत जनावर बांधायचं नाही, असं माझं ठाम मत झालंय.

मिरजेचा गडी
दादा, माती खाऊन गुरं मरत असती तर माणदेशात एक खिलार उरलं नसतं. जनावर माती चाटतं ते अंगात काही कमी पडतं म्हणून. आपली रानं चुनखडीची, तांबं घट्ट धरून ठेवतात. फवारलेलं गवत लगेच घालू नये हे मान्य. पण मातीचा एवढा बाऊ केला तर उद्या डेअरीवाला म्हणेल, बागायतदाराचं दूध नको. मग काय करायचं?

तासगावचा बागायतदार
चाटणं वेगळं. फॉस्फरस कमी पडला की गाय हाडं चघळते, माती चाटते. त्याला खनिज मिश्रण द्यावं. मी बोलतोय ते नकळत पोटात जाणाऱ्या मातीबद्दल. आणि जमिनीनं धरलेलं तांबं पोटातल्या आम्लात थोडंफार सुटतंच.

कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप आणि मार्टिनिक बेटांचं उदाहरण बघा. तिथं केळीच्या सोंडकिड्यासाठी १९७२ ते १९९३ क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक वापरलं. वापर थांबून तीस वर्षं झाली, तरी ते मातीत आहे. तिथंही गाई आपल्यासारख्याच दाव्याला बांधून चारतात. गवत खुरटलं की माती पोटात जाते, तिच्याबरोबर औषधही.

कराडचा पशुसेवक
दोघांचंही थोडं दुरुस्त करतो. क्लोरडेकोन आणि तांबं एका तागडीत घालू नका. तांब्याच्या बाबतीत मोठी गाय बरीच सोशीक, खरी भीती मेंढीला. मेंढीच्या यकृतात तांबं महिनोन्महिने साठतं, वरून काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी ते एकदम रक्तात उतरतं: डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, दोन-तीन दिवसांत जनावर जातं. खतासाठी बागेत मेंढ्या बसवणाऱ्यांनी हे धनगरबांधवांना आधी सांगावं. आणि क्लोरडेकोनचं एक चांगलंही आहे. जनावर त्या रानातून काढून स्वच्छ वैरणीवर ठेवलं तर अंगातलं प्रमाण उतरत जातं.

आटपाडीची ताई
बांधू नका म्हणणं बागवाल्याला सोपं आहे, दादा. माझ्याकडं दोन गाई आणि रान नाही. चैत्र-वैशाखात हिरवं दिसतं ते पाणी देणाऱ्याच्या बांधावरच. तेही बंद केलं तर मी गाई विकायच्या का? २०१९ ला दुष्काळात चारा छावणीत होतो तेव्हा वैरण भुईवरच पडायची. माती तिथंही गेलीच की पोटात.

मी एवढं करते: सकाळी आधी कडबा नाहीतर उसाचं वाडं गव्हाणीत टाकते, मग सोडते. भुकेली गाय मुळापर्यंत कुरतडते, पोट भरलेली नाही. खुंटाही रोज हलवते.

तासगावचा बागायतदार
ताई, तुमचं बरोबर आहे, मी माझ्याच गोठ्यापुरता विचार केला. गव्हाणीत आधी वैरण आणि रोज खुंटा हलवणं, हे तर माझ्या नियमापेक्षा जास्त जणांना जमेल. ओढ्याकडचा माझा बांध बागेपासून लांब आहे, तिथं कधी फवारा गेला नाही. तसला बांध ज्याच्याकडं असेल त्यानं गाईवाल्यांना तोच मोकळा करावा. बागेतल्या पट्ट्याबद्दल मात्र मी मागं हटत नाही.

मिरजेचा गडी
मी अजून मानलेलं नाही. बागेतली आणि पड रानातली अशी वरच्या थराची माती वेगवेगळ्या पिशवीत भरून तपासायला देतो. तांब्याचा आकडा आला की इथंच टाकतो. तोवर माझी गाय पट्ट्यातच. मेंढ्यांचं मात्र पटलं. यंदा बसवणार होतो, आज फोन करून नको म्हणून सांगितलं.