'विधिसंघर्षग्रस्त बालक' : अर्थ, फोड आणि घरी गेल्यावर काय म्हणावं

विचारणा
मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षाला आहे. फील्डवर्कसाठी निरीक्षणगृह (प्रकरण चालू असताना मुलांना ठेवतात ते) मिळालंय. तिथल्या फायलींवर 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असं लिहिलेलं असतं. याचा नेमका अर्थ काय? 'बालगुन्हेगार'चंच हे सभ्य रूप आहे का? आणि गृहभेटीला गेल्यावर आईवडिलांसमोर हा शब्द वापरायचा कसा?

प्रतिसाद
सभ्य रूप नव्हे, अर्थच वेगळा आहे. 'विधि' इथे कायदा या अर्थाने आलाय, विधिमंडळात येतो तसा. पूजेतला विधी नाही. खरी गंमत 'ग्रस्त'मध्ये आहे. संस्कृतात 'ग्रस्' म्हणजे गिळणे. त्यातून ग्रास, आणि ग्रासाचा आपला घास. खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. म्हणजे कायद्याशी झालेल्या संघर्षाने ज्याला ग्रासलंय तो मुलगा. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त या ओळीत तो बसतो. शब्द लांबलचक आहे, पहिल्यांदा वाचताना जीभ अडखळते, पण ज्याने तो घडवला त्याने विचार केला होता असं मला मनापासून वाटतं.

कायद्याची भाषा कशी बदलत गेली तेही पाहा. 1986च्या कायद्यात सरळ 'अपचारी बाल', म्हणजे गुन्हा केलेलं मूल, असा वर्ग होता. 2000च्या कायद्याने 'कायद्याशी संघर्षात आलेला' ही मांडणी आणली. 2015च्या बाल न्याय अधिनियमाने ती पुढे नेली. त्याच्या व्याख्येत गुन्हा केल्याचा आरोप असलेलं मूल आणि गुन्हा केल्याचं आढळलेलं मूल, दोन्ही येतात. घटनेच्या दिवशी वय 18 पूर्ण नसावं एवढी अट. आता 'बालगुन्हेगार' म्हणून बघा. अशा मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळासमोर अजून काहीच ठरलेलं नाही अशा मुलाला आपण निकाल देऊन मोकळे झालो. तो शब्द कठोर आहे ही पुढची गोष्ट, आधी तो चुकीचा आहे.

त्याच अधिनियमाच्या कलम 3 मध्ये मूलभूत तत्त्वं आहेत. मुलाच्या बाबतीतल्या कामकाजात दोषारोप करणारे शब्द वापरू नयेत, हे त्यातलं एक. त्याआधी, 2000च्या कायद्याखालच्या 2007च्या आदर्श नियमांनी तर यादीच दिली होती: अटक, रिमांड, आरोपी, दोषारोपपत्र, खटला, तुरुंग वगैरे. यादीत 'रिमांड' होतं, आणि आजही अर्धा महाराष्ट्र निरीक्षणगृहाला रिमांड होमच म्हणतो.

घरी मात्र हा शब्द नेऊ नका. मुलाचं नाव घ्या. मी नवीन असताना एका चाळीत दारातूनच मोठ्याने विचारलं होतं, "निरीक्षणगृहातून आलोय, मुलाची आई कुठंय?" आजूबाजूची चार दारं उघडली. त्या माउलीने मला घरात घेतलं, चहा दिला, पण शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढच्या खेपेला मी नुसतं "ताई, आत येऊ का?" म्हणालो आणि काम काय ते दार लोटल्यावर सांगितलं. गोपनीयता फायलीतल्या कुलुपाची असते असं आपल्याला शिकवतात. ती आवाजाच्या पट्टीतही असते.

दुसरा प्रतिसाद
फोड आवडली, पण एक शंका. पूरग्रस्ताने काही केलेलं नसतं. इथे कोणाचा तरी मोबाइल गेलाय, कोणाचं तरी डोकं फुटलंय. 'ग्रस्त' म्हटल्यावर मुलाने केलेली गोष्टच पुसली जात नाही का? ज्याला लागलंय त्याच्या घरच्यांनाही आपण भेटतो. त्यांच्यासमोर हा शब्द फार मऊ वाटतो.

प्रतिसाद
शंका रास्त आहे. मी एक पथ्य पाळतो: कृत्य क्रियापदात ठेवायचं, मुलाच्या नावाला चिकटवायचं नाही. "तू मोबाइल चोरलास" हे, त्याने स्वतः कबूल केलं असेल तर, त्याच्याशी बोलताना स्पष्ट म्हणतो. आडवळणाने बोललेलं मुलांना लगेच कळतं आणि मग ती आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. पण "तू चोर आहेस" कधीच नाही. चोरलं ही घडलेली गोष्ट आहे, तिच्याबद्दल पुढे काही करता येतं: माफी मागता येते, वस्तू परत देता येते. 'चोर' म्हटलं की त्याला करण्यासारखं काही उरतच नाही. ज्याला लागलंय त्याच्या घरीही हेच चालतं. तिथे "त्याने मारलं" म्हणायला अजिबात कचरू नये.

दुसरा प्रतिसाद
हे पटलं. जाता जाता 'चौकशी'बद्दलही लिहा ना. आमच्याकडे गृहभेटीला सगळे 'घरची चौकशी' म्हणतात आणि वस्तीत तो शब्द कानावर पडला की पोलीसच आठवतात.

प्रतिसाद
हो, आणि वाईट याचं वाटतं की मुळात शब्द चांगला आहे. 'चौकस' माणूस करतो ती चौकशी. आजारी माणसाची आपण चौकशी करतो, बाळंतिणीची करतो. साहेबाची चौकशी लागली की मात्र पोटात गोळा येतो. दोन्ही अर्थ जिवंत आहेत. मुलाबद्दलच्या अहवालासाठी शाळा, मिळकत, व्यसनं, मित्र हे सगळं विचारावंच लागतं, त्यातून सुटका नाही. पण पहिलाच प्रश्न "मिळकत किती?" असेल तर पोलिसी चौकशी सुरू झाली. मी आधी विचारतो, "तो लहानपणी कसा होता?" बहुतेक आया इथे पहिल्यांदा माझ्याकडे बघतात.

विचारणा करणारी
पुढच्या बुधवारी माझी पहिली गृहभेट आहे. प्रश्नांच्या छापील तक्त्यात 'बालकाचे बालपण' हा रकाना अकराव्या क्रमांकावर आहे. तो वर घेऊन विचारते.