मदत हवी आहे: बुलेट क्लस्टरचा शॉक तापण्याऐवजी थंड येतोय

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या संग्रहातून बुलेट क्लस्टरचा डेटा उतरवला आहे आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे दोन दीर्घिकासमूह एकमेकांच्या आरपार गेलेत. दीर्घिका सुटल्या, पण तप्त वायूची टक्कर झाली आणि तो मागे रेंगाळला. क्ष-किरणांत दिसतो तो हाच वायू. लहान समूहाचा गाभा गोळीसारखा पश्चिमेकडे घुसलाय आणि त्याच्यापुढे धनुष्याकार शॉक (ध्वनीपेक्षा वेगाने घुसल्यामुळे उठलेली आघात-लाट) आहे, असं सगळीकडे वाचलं.

मी फ्लेअरचा (कणांचा मारा अचानक वाढला तो) काळ कापला, बिंदुस्रोत काढले आणि गोळीच्या नाकासमोर पाचरीच्या आकाराचा भाग आखून तेजस्वितेचा आलेख काढला. कडा सुरीने कापल्यासारखी आली! आत घनता एकदम वाढते. पण स्पेक्ट्रम बसवला तर आतला वायू ६-७ केइव्ही (इथे तापमान ऊर्जेच्या या एककात मोजतात) आणि बाहेरचा २०च्या वर. शॉक मागे टाकतो तो वायू तापलेला हवा ना? माझं सगळं उलटं. एक्सएमएम-न्यूटन या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा जोडू का?

रातपाळी: आत-बाहेरच्या स्पेक्ट्रमच्या फाइली अदलाबदल झाल्या नाहीत ना? माझ्या झाल्या होत्या. पंधरा दिवस गेले.

धागाकर्ता: दोनदा तपासलं. नाही झाल्या.

जुना_निरीक्षक: गणित बरोबर आहे, कडा चुकली. तुम्ही पकडलीत ती गोळीचीच कडा. त्याला कोल्ड फ्रंट म्हणतात: थंड, दाट वायू आणि बाहेरचा तापलेला वायू यांची नुसती हद्द. चंद्रानेच २००० च्या सुमारास एबेल २१४२ आणि एबेल ३६६७ या दीर्घिकासमूहांमध्ये त्या पहिल्यांदा दाखवल्या, आणि तेव्हाही आधी शॉकचीच शंका येई. पारख सोपी आहे. घनता गुणिले तापमान म्हणजे दाब. कोल्ड फ्रंटवर तो दोन्ही बाजूंना जवळपास सारखा राहतो, शॉकवर उडी मारतो.

शॉक आणखी पश्चिमेला आहे, बराच फिका. प्रतिमा थोडी धूसर करून बघा. आणि पाचरीचं टोक समूहाच्या केंद्रावर ठेवू नका, कडेच्या वक्रतेच्या केंद्रावर ठेवा. नाहीतर उडी पसरट होऊन हरवते. एक्सएमएमचे आरसे मोठे, प्रकाश जास्त, पण चंद्राची अर्ध्या आर्कसेकंदाची धार त्यात नाही. कड्यांसाठी चंद्राच.

धागाकर्ता: सापडली!! दुसरी कडा खरंच आहे, मी तिला गोंगाट समजून सोडून दिलं होतं. घनतेची उडी ३ च्या आसपास. पण तापमानाचे एरर बार इतके मोठे की काहीही म्हणता येईल.

जुना_निरीक्षक: ३ पट घनता म्हणजे माख अंक (वेग ध्वनीच्या किती पट) ३, आणि मग तापमान सुमारे ३.७ पट हवं. एरर बार मोठे येणारच. स्पेक्ट्रम २० केइव्हीपाशी वाकतो आणि तुम्ही ७ केइव्हीला थांबता. सरळ रेषेचा उतार बघून तो कुठे वाकेल हे सांगण्यासारखं आहे ते. तिथे पार्श्वभूमी जरा इकडची तिकडे झाली की तापमान कुठच्या कुठे जातं. रिकाम्या आकाशाची (पार्श्वभूमी वजा करायची) फाइल ९.५ ते १२ केइव्हीतल्या मोजणीवर जुळवलीत का? तिथे आरशांची ताकद संपलेली असते, उरतो तो डिटेक्टरचा कणांचा मारा.

धागाकर्ता: नाही, नुसत्या एक्स्पोजरवर जुळवली होती. आज रात्री करतो.

जुना_निरीक्षक: करा. आणि अहवालात माख अंकातून येणारा ४,७०० किमी प्रतिसेकंद हा आकडा गोळीचा वेग म्हणून ठोकू नका, परीक्षक तिथेच पकडतात. तो शॉकचा वेग. पुढचा वायू गोळीकडेच ओढला जातोय, त्यामुळे २००७ च्या सिम्युलेशनमध्ये गोळीचा स्वतःचा वेग २,७०० च्या आसपास निघाला.

रातपाळी: आणि जुन्या फाइली उडवू नका हो. कोल्ड फ्रंटचा वेगळा परिच्छेद होईल.