आयोडिन-१३१चं अर्धायुष्य ८ दिवस, मग आईला तिसऱ्या दिवशी घरी कसं सोडलं?

मुक्ता_मिरज:
आईचं थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. ग्रंथी पूर्ण काढली. मागच्या आठवड्यात तिला आयोडिन-१३१चा, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडिनचा, १०० मिलिक्युरीचा (मिलिक्युरी हे किरणोत्सर्गाचं माप) डोस दिला आणि वेगळ्या खोलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिच्यापासून एक मीटर अंतरावर किरणोत्सर्ग मोजणारा मीटर धरून रीडिंग घेतलं आणि सोडलं. घरी येऊन मी हिशोब मांडला: अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ८.०२ दिवस, ३ ÷ ८.०२ = ०.३७४, आणि १/२ चा ०.३७४ वा घात ०.७७. म्हणजे ७७ मिलिक्युरी अजून अंगात! घरात दोन वर्षांची भाची आहे हो. माझा जीव टांगणीला लागलाय.

निवृत्त_मास्तर:
मुक्ताताई, आकडेमोड बिनचूक आहे. अर्धायुष्यांची संख्या पूर्णांकात नसली की मुलं अडतात, तुम्ही घात बरोबर घेतलात. पण हे उत्तर बंद बाटलीतल्या आयोडिनचं. आईचं शरीर ते बाहेरही टाकतंय.

गॅमा_कॅमेरा:
मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. मास्तरांचं खरं आहे. ग्रंथीच नाही म्हटल्यावर बहुतेक आयोडिन लघवीतून जातं, म्हणून तर पेशंटला भरपूर पाणी प्यायला लावतो. समजा शरीर दर १८ तासांना निम्मं बाहेर टाकतं. भौतिक अर्धायुष्य, म्हणजे तुमचे ८.०२ दिवस, १९२.५ तास. दोघांचा गुणाकार भागिले बेरीज: ३४६५ ÷ २१०.५ = १६.५ तास. हे प्रभावी अर्धायुष्य. ७२ तासांत अशी ४.४ अर्धायुष्यं होतात, म्हणजे उरले साधारण ५ मिलिक्युरी.

१८ हा आकडा मी धरलेला आहे. किडनी मंद असेल तर वेळ वाढतो, आणि मानेत उरलेल्या थायरॉइडच्या थोड्या पेशी आयोडिन धरून ठेवतात, तो भाग सावकाश उतरतो. म्हणूनच कागदावरच्या हिशोबावर कुणाला सोडत नाहीत, मीटर लावतात.

मुक्ता_मिरज:
वाचून रडूच आलं. मग भाचीला आजीजवळ जाऊ देऊ का?

गॅमा_कॅमेरा:
नाही, इतक्यात नाही. डिस्चार्जच्या कागदावर लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून किती दिवस लांब राहायचं ते लिहिलेलं असतं, ते तंतोतंत पाळा. लिहिलं नसेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. आईचा टॉवेल, ताट-वाटी, अंथरूण वेगळं ठेवा. संडासात दोनदा फ्लश करायला सांगा.

निवृत्त_मास्तर:
वॉर्डातल्या त्या लघवीचं पुढे काय करतात?

गॅमा_कॅमेरा:
आमच्याकडे ती थेट गटारात जात नाही, वेगळ्या बंद टाक्यांत साठवतो. टाकीतून काही बाहेर जात नाही, त्यामुळे तिथे मुक्ताताईंचं सूत्र जसंच्या तसं लागू पडतं. १० अर्धायुष्यं, म्हणजे ८० दिवस थांबलं की १०२४ भागांतला एक उरतो.